पहिल्या सामन्याला कोण होते?



फुटबॉलचा विश्वचषक जवळ आला की आपल्या तरुण मंडळींना एकदम दुसऱ्या देशाचे नागरिकत्व मिळते. कोणी ब्राझीलचा होतो, कोणी अर्जेंटिनाचा, कोणी पोर्तुगालचा. परदेशीपुऱ्यात राहणाऱ्याने परदेशी व्हावे यात नवल ते काय, असा विनोदही मग ऐकू येतो. मालवा मिलपासून पाटनीपुऱ्यापर्यंत पिवळे आणि निळे-पांढरे टी-शर्ट दिसू लागतात. रात्री जागवल्या जातात आणि सकाळी पोह्यांच्या गाडीवर पेनल्टी बरोबर होती की चूक यावर वाद रंगतो.

आमचा या हौसेला विरोध नाही. चांगला खेळ कुठलाही असो, तो पाहावा. आमचा आक्षेप वेगळ्या गोष्टीला आहे आणि तो या पत्रकातून स्पष्ट मांडणे आम्हाला आवश्यक वाटते. आपला फुटबॉलप्रेमी दुसऱ्याच्या संघाचा पराभव पोटात घालतो आणि स्वतःच्या संघाचा पराभव त्याच्या तोंडावर फेकतो. ही दोन मापे आहेत. दुकानदाराने दोन मापे ठेवली तर आपण तक्रार करतो. इथे मापे आपणच ठेवली आहेत, म्हणून सगळे गप्प.

पुरावा हवा असेल तर कुठल्याही स्पर्धेचे पहिले सामने पाहावेत. शेवटच्या सामन्याला सगळेच हजर असतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही. खरा माणूस पहिल्या सामन्याला कळतो.

२२ नोव्हेंबर २०२२. कतारमधील विश्वचषकात अर्जेंटिनाचा पहिला सामना सौदी अरेबियाशी होता. सलग ३६ सामने न हरलेला हा संघ १-२ असा हरला. आपल्याकडचे अर्जेंटिनाचे पाठीराखे काय म्हणाले? तीन गोल ऑफसाइड ठरले हो, नशीब आडवे आले. अजून दोन सामने आहेत, मेस्सी काहीतरी करेलच. दुसऱ्याच दिवशी जर्मनीही जपानकडून १-२ अशी हरली. तिथेही हीच समजूत, हाच धीर. कोणी म्हटले नाही की या लोकांना फुटबॉल जमत नाही, यांनी दुसरा खेळ धरावा. १८ डिसेंबरला अर्जेंटिनाने फ्रान्सला पेनल्टीवर हरवून चषक जिंकला, तेव्हा हेच लोक छाती पुढे काढून सांगत होते, 'आम्ही म्हणत नव्हतो का?'

आता त्याच्या सहाच आठवडे आधीची तारीख घ्या. ११ ऑक्टोबर २०२२, भुवनेश्वरचे कलिंगा स्टेडियम. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात भरला होता आणि आपल्या मुली या स्पर्धेत प्रथमच उतरल्या होत्या. पहिला सामना अमेरिकेशी, निकाल ०-८. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी ज्या कोट्या झाल्या, जी हेटाळणी झाली, ती सुजाण वाचकांना आठवत असेल. 'अजून दोन सामने आहेत' असा धीर या पोरींना कितीजणांनी दिला?

त्या संघाची कर्णधार अष्टम उरांव ही झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील खेड्यातली मुलगी. ती कर्णधार झाली म्हणून प्रशासनाने तिच्या घरापर्यंत रस्ता करायला घेतला आणि तिचे आईवडील त्याच रस्त्याच्या कामावर मजुरी करत होते, हे तेव्हा वर्तमानपत्रांतून छापून आले होते. शिवाय स्पर्धेच्या दोन महिने आधी, ऑगस्टमध्ये, जागतिक संघटनेने आपल्या राष्ट्रीय संघटनेला निलंबित केले होते. पुढे ते उठले, पण अकरा-बारा दिवस यजमानपद राहते की जाते हेच ठरत नव्हते. अशा परिस्थितीतून आलेल्या मुली अमेरिकेसमोर उभ्या राहिल्या. आठ गोल मोजणाऱ्याने हेही मोजायला हवे होते.

मुलांचीही तीच गत. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या पहिल्या सामन्यात आपला संघ अमेरिकेकडून ०-३ असा हरला. झाले! 'यजमान म्हणून फुकट प्रवेश मिळाला, नाहीतर यांना कोण विचारतो?' अशी शेरेबाजी सुरू. तीनच दिवसांनी कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला जॅक्सन सिंगने कॉर्नरवरून आलेला चेंडू डोक्याने गोलात घातला. जागतिक संघटनेच्या विश्वचषक स्पर्धेतील भारताचा तो पहिला गोल. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने पुन्हा आघाडी घेतली आणि आपण १-२ असे हरलो, ही गोष्ट खरी. पण पहिल्या पराभवानंतर टीव्ही बंद करून बसलेल्यांचा तो गोल हुकला. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. 'मराठी माणूस कुठेच दिसत नाही' अशी ओरड करणाऱ्या आपल्या बैठकांत त्याचे नाव कितीदा निघाले?

आणि आपण जिंकलो, तर तरी पाठीराखे टिकतात का? ६ जानेवारी २०१९ रोजी अबू धाबीत आशियाई चषकाच्या पहिल्या सामन्यात भारताने थायलंडला ४-१ असे हरवले. एका रात्रीत सगळे फुटबॉलप्रेमी झाले. पुढे यजमान अमिरातीकडून ०-२ आणि बहरीनकडून ०-१ अशी हार झाली आणि दहा दिवसांत सगळे जिथून आले होते तिथे परत गेले.

पण या सगळ्यांवर कडी करणारा प्रसंग मुंबईचा आहे. मुंबई म्हणजे आपल्या मराठी माणसाची राजधानी, म्हणून तो सविस्तर सांगतो.

१ जून २०१८, शुक्रवार. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात इंटरकॉन्टिनेंटल चषक स्पर्धा सुरू झाली. भारत, केनिया, न्यूझीलंड आणि चिनी तैपेई असे चार देश. पहिल्या सामन्यात भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरवले आणि कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले. प्रेक्षक किती होते? २,५६९. दीड कोटीच्या आसपास वस्तीच्या महानगरात, स्वतःच्या देशाचा संघ पाच गोल करीत असताना, अडीच हजार माणसे. आपल्याकडे एखाद्या बऱ्यापैकी लग्नाला याहून जास्त पाने उठतात.

दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक व्हिडिओ काढून लोकांची विनवणी केली. त्याचा आशय असा होता की आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा. युरोपातल्या क्लबांवर प्रेम करणाऱ्यांना त्याने सांगितले की आमचा दर्जा तेवढा नाही हे आम्हाला ठाऊक आहे, तरी या, तुमचा वेळ वाया जाऊ देणार नाही. देशासाठी शंभरावा सामना खेळायला निघालेल्या कर्णधाराला प्रेक्षकांसाठी हात जोडावे लागले! ज्या देशात क्रिकेटच्या सरावालाही गर्दी होते, त्या देशात.

विनवणी पसरली, विराट कोहली आणि सचिन तेंडुलकर यांनी तिला दुजोरा दिला आणि ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे संपली. धो धो पाऊस होता, मैदानात पाणी साचले होते, लोक भिजत बसले होते. भारताने ३-० असा विजय मिळवला आणि १० जूनला अंतिम सामन्यात पुन्हा केनियाला हरवून चषक घेतला.

या घटनेचे कौतुक पुष्कळ झाले. आम्ही मात्र बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे, आम्हाला दोन तारखांचा मेळ घालून पाहायची सवय. १ जूनला शुक्रवार होता, ४ जूनला सोमवार. शुक्रवारी संध्याकाळी ज्यांना सवड नव्हती, त्यांना सोमवारी पावसात कशी मिळाली? म्हणजे अडचण सवडीची नव्हती, तिकिटाची नव्हती, अंतराचीही नव्हती. कोणी मोठ्या माणसाने 'जा' म्हणेपर्यंत जायचे नाही, एवढीच अडचण होती. आमच्या मते मान द्यायचा तर त्या पहिल्या २,५६९ लोकांना द्यावा. ते न बोलावता आले होते.

यावर काही ठरलेली उत्तरे मिळतात. ती एकेक करून पाहू.

पहिले उत्तर: 'आम्ही ग्राहक आहोत. जिथे माल चांगला, तिथे जाऊ.' ठीक आहे. पाव टक्का व्याज जास्त मिळते म्हणून ठेव मोडून दुसऱ्या बँकेत नेणारे ग्राहक आम्ही रोज पाहतो. तो त्यांचा हक्कच आहे, आम्ही हसून पावती देतो. पण तो ग्राहक बाहेर जाऊन 'मी या बँकेचा निष्ठावंत' असे सांगत फिरत नाही. पतपेढीचा सभासद वेगळा असतो. तोट्याच्या वर्षीही तो वार्षिक सभेला येतो, भांडतो, हिशेब मागतो आणि खाते चालू ठेवतो. तुम्ही ग्राहक असाल तर खुशाल ग्राहक म्हणा. मग 'आपल्या देशाच्या फुटबॉलचे काही खरे नाही' असे उसासे टाकू नका. सभासदत्व ज्याने घेतलेच नाही, त्याला उसासे टाकण्याचा काय अधिकार?

दुसरे उत्तर: 'आधी जिंकून दाखवा, मग येतो.' इंदूरच्या माणसाच्या तोंडी हे वाक्य अजिबात शोभत नाही. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. कर्णधार होते आपल्या होळकर संस्थानचे कर्नल सी. के. नायडू. निकाल? भारत १५८ धावांनी हरला. पहिला कसोटी विजय मिळायला फेब्रुवारी १९५२ उजाडला आणि तो पंचविसावा सामना होता. वीस वर्षे! त्या वीस वर्षांत आपले आजे-पणजे 'यांना जमत नाही' म्हणून घरी बसले असते, तर होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक आणला, तो कोणासाठी? आज क्रिकेट जिंकल्यावर राजवाड्यावर झेंडे घेऊन धावतो, त्या गर्दीचा पाया हरणारे सामने बघायला जाणाऱ्यांनी घातला आहे. क्रिकेटला दिलेली वीस वर्षे आपल्याला भूषण वाटतात आणि फुटबॉलला नव्वद मिनिटेही देववत नाहीत.

तिसरे उत्तर: 'संघटनाच नालायक आहे, आम्ही येऊन काय होणार?' संघटनेबद्दलची तक्रार खरी आहे, तिची वकिली आम्ही करणार नाही. २०२२ चे निलंबन वर आलेच आहे. २०२५-२६ चा इंडियन सुपर लीगचा हंगाम महिनोन्‌महिने सुरूच होऊ शकला नाही आणि खेळाडूंना पुन्हा एकदा जाहीर विनवणी करावी लागली. नेमक्या त्याच हिवाळ्यात, १३ डिसेंबर २०२५ रोजी, मेस्सी कोलकात्याला येऊन गेला. भरपूर पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांना बड्या मंडळींच्या घोळक्यात तो धड दिसलाही नाही, तेव्हा लोकांनी खुर्च्या उखडून मैदानात फेकल्या. दुसऱ्या दिवशी मुंबईत वानखेडेवर त्याचा सत्कार झाला. आम्ही मेस्सीला दोष देत नाही, तो पाहुणा. पण पाहुण्याच्या दर्शनाला भरलेले स्टेडियम आणि घरच्या लीगला सापडत नसलेला प्रायोजक या दोन गोष्टी एकाच महिन्यात एकाच देशात घडल्या. यातून कारभाऱ्यांनी काय शिकावे? हेच की लोकांना खेळ नको आहे, दर्शन पाहिजे. रिकाम्या गॅलरीसमोर वाईट कारभार करणे फार सोपे असते, कारण जाब विचारायला कोणी बसलेलेच नसते.

आणि 'आम्ही येऊन काय होणार' हा प्रश्न परदेशीपुऱ्यात तरी कोणी विचारू नये. आपल्या शेजारची हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ यावा लागला. बत्तीस वर्षे. त्या काळात कितीतरी कामगार हे जग सोडून गेले, पण उरलेल्यांनी सभा सोडल्या नाहीत आणि कोर्टाच्या तारखा सोडल्या नाहीत. पहिल्या तारखेला निकाल विरुद्ध गेला म्हणून ते घरी जाऊन बसले असते, तर आज कोणाच्या हाती काय पडले असते? हरणाऱ्या बाजूला चिकटून राहणे म्हणजे काय, हे ज्या वस्तीने बत्तीस वर्षे दाखवले, तिथल्या पोरांना सौदी अरेबियाचा गोल पाठ आहे आणि स्वतःच्या गल्लीतल्या शाळेच्या संघाचे नाव माहीत नाही.

चौथे उत्तर थोडे वजनदार आहे: 'आपल्या मध्य प्रदेशात फुटबॉल आहेच कुठे?' इंडियन सुपर लीगमध्ये आपल्या राज्याचा एकही संघ आजवर खेळलेला नाही, हे मान्य. पण शहडोल जिल्ह्यातले विचारपूर हे गाव आपल्याच राज्यात आहे. दारूच्या आणि नशेच्या नावाने बदनाम असलेल्या या गावात एका प्रशिक्षकाने पोरांना चेंडू दिला आणि गावातून राष्ट्रीय पातळीवरचे खेळाडू निघाले. जुलै २०२३ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला, तेव्हा देशाला कळले. २०२५ मध्ये एका जर्मन प्रशिक्षकाने तिथल्या काही मुलांना जर्मनीत शिकवण्याची तयारी दाखवली. म्हणजे जर्मनीतल्या माणसाला विचारपूर दिसले, आणि इंदुरातून जर्मनीचा सामना पाहणाऱ्याला दिसले नाही! त्या गावाला सगळे 'मिनी ब्राझील' म्हणतात. कौतुकानेच म्हणतात, पण आम्हाला ते टोचते. आपल्या पोरांनी चांगले केले तरी नाव ब्राझीलचेच घ्यायचे? विचारपूर म्हणायला काय झाले?

कोणी म्हणेल, मग काय परदेशी संघांवर प्रेम करूच नये? अवश्य करावे, पण कोल्हापूरसारखे. विश्वचषक आला की कोल्हापुरात पेठापेठांतून ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे आणि खेळाडूंचे मोठमोठे फलक लागतात. इंदूरपेक्षा जास्तच. पण त्याच पेठांतली माणसे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमची गॅलरी भरतात. घरचा संघ हरला तर वाद घालतात, चार दिवस बोलत नाहीत आणि पुढच्या सामन्याला पुन्हा तिथेच बसतात. त्यांच्या मेस्सीप्रेमाला आम्ही हात जोडतो, कारण त्याच्या खाली स्वतःची जमीन आहे. अनिकेत जाधव कोल्हापुरातून निघाला, हा योगायोग नव्हे.

२०२६ पासून विश्वचषकात ४८ देश झाले. त्यात कुरासाव नावाच्या बेटाने जागा मिळवली. लोकसंख्या जेमतेम दीड लाख. आपल्या एका विधानसभा मतदारसंघात याच्या दुपटीहून जास्त मतदार आहेत. एकशे चाळीस कोटींचा भारत मात्र त्या ४८ त नाही. याची कारणे दिल्लीत शोधावीतच, पण थोडी आपल्या घरातही शोधावीत. शाळेच्या संघात निवड झालेल्या मुलीला 'दहावी आहे, यंदा नको' म्हणणारे आपणच. मुलाच्या पहिल्या सामन्याला ऑफिसचे कारण सांगणारे आणि बक्षीस समारंभाला इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेत बसणारेही आपणच. पोराला सगळे कळते. आपला बाप आपल्याला बघायला आला की चषकाला, हे त्याला अचूक समजते. हरलेल्या सामन्यानंतर ज्याच्या पाठीवर हात पडला नाही, तो पोरगा दुसऱ्या वर्षी मैदानावर दिसत नाही. देशाचा संघ अशाच पोरांतून उभा राहतो किंवा राहत नाही.

शेवटी मैदानाचा प्रश्न, आणि तो सरळसरळ राजकीय आहे. शहरातली मोकळी जागा आज लग्नाच्या मांडवाला मिळते, मेळ्याला मिळते, गाड्या उभ्या करायला मिळते. पोरांना खेळायला मागितली की नियम निघतात. स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक वर्षानुवर्षे टिकवणाऱ्या शहराला दोन गोलपोस्ट उभे करणे अवघड आहे, असे आम्ही मानत नाही. महापालिकेची मागची निवडणूक जुलै २०२२ मध्ये झाली. पाच वर्षांची मुदत संपली की उमेदवार पुन्हा दारात येतील, गणपतीला वर्गणी देतील, मंडळाच्या व्यासपीठावर बसतील. तेव्हा समाजाने एकच प्रश्न लेखी विचारावा: आमच्या प्रभागात मुला-मुलींसाठी रोज संध्याकाळी मोकळे राहणारे एक मैदान कुठे आणि केव्हापर्यंत? उत्तरही लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर कोणतीही बँक कर्ज देत नाही, आपण मत का द्यावे?

मंडळापुढेही आमच्या तीन सूचना आहेत. एक, विश्वचषकाच्या सामन्यांसाठी मोठा पडदा लावायला जेवढी वर्गणी गोळा होईल, तेवढीच त्या वर्षी चेंडू, जाळी आणि मुलींच्या बुटांसाठी गोळा व्हावी. दोन, आपल्या समाजातील कोणतेही मूल कोणत्याही शाळेच्या संघात असेल, तर त्याच्या पहिल्या सामन्याला मंडळाचे किमान दहा सभासद हजर राहतील अशी यादी करावी. तीन, आपल्या स्नेहसंमेलनात बक्षीस मिळवणाऱ्यांचा सत्कार होतो, तसा त्या वर्षी खेळून हरलेल्यांचाही व्हावा.

यात खर्च फार नाही, त्रास आहे. संध्याकाळी उठून जावे लागेल, उन्हात उभे राहावे लागेल आणि बहुतेक वेळा हरलेलेच पाहावे लागेल. पण अंधेरीत १ जूनच्या शुक्रवारी २,५६९ लोक हेच करायला गेले होते. पुढच्या वेळी आपल्या पोरांच्या पहिल्या सामन्याची हजेरी कोणी घेतली, तर तिथे परदेशीपुऱ्याची नावे निघाली पाहिजेत. कोणी हात जोडून बोलावण्याची वाट पाहू नका.